दुखतंय, असं म्हणायचं की नाही?

तुमच्या शाळेत सुविचाराचा फळा आहे ना? परिपाठाच्या आधी त्यावर रोज एक नवं वाक्य लिहायचं आणि ते काम ज्याचं अक्षर सुंदर त्याच्याकडे द्यायचं, अशी पद्धत असते. माझ्या धाकट्या बहिणीचं अक्षर मोत्यासारखं. त्यामुळे सातवी-आठवीत शाळेचा फळा तिच्या ताब्यात होता. ‘मन निरोगी तर तन निरोगी’, ‘हसऱ्या माणसाजवळ आजार फिरकत नाही’, असली वाक्यं तिनं किती वेळा लिहिली असतील, कोण जाणे! आणि ती लिहिताना कित्येकदा तिचा उजवा खांदा ठणकत असायचा.

आज मला या वाक्यांबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. मोठ्या आजारात चांगला विचार खरंच कामाला येतो का? की कधी कधी तोच त्रास देतो? आमच्या घरात हा प्रश्न पंधरा वर्षांहून जास्त काळ मुक्कामाला आहे, म्हणून सांगतो.

आमचं गाव झरी जामणी तालुक्यात. यवतमाळ जिल्ह्याचा हा अगदी कोपरा. एकीकडे पांढरकवडा, दुसरीकडे वणी, आणि खाली पैनगंगा. नदी ओलांडली की तेलंगण. कपाशी, तूर, सागाचं जंगल आणि मधूनमधून कोलामांचे पोड, म्हणजे त्यांच्या छोट्या वस्त्या. माझी बहीण पाचवीत असताना शाळेत रक्ततपासणी झाली, आणि तिला सिकलसेलचा आजार आहे असं कळलं. तोपर्यंत तिचे हातपाय दुखायचे तेव्हा कुणी म्हणायचं वात आहे, कुणी म्हणायचं पोरगी वाढीला लागली आहे, आणि आमची आजी म्हणायची, “शाळेत जायाचं नसन, म्हणून दुखते तिचं!”

विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे, पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, चपट्या आणि मऊ असतात. केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही त्या अंग चोरून निघून जातात. सिकलसेलमध्ये त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनमध्ये एक अगदी बारीकसा फरक असतो. तेवढ्यानं पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. सिकल म्हणजे विळाच. असे विळे एकमेकांत अडकले की रक्ताची वाट बंद होते, आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळेनासा झाला की मरणाचं दुखतं. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळसर. थंडी, तहान, ताप, फार दमणूक, यातलं काहीही दुखणं उठवू शकतं. या मुलांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, लवकर निकामी होते, त्यामुळे जंतूंशी लढायची ताकद कमी. म्हणून सिकलसेलच्या मुलाला ताप आला की ‘उद्या बघू’ म्हणायचं नसतं.

हा आजार कुणाचा कुणाला लागत नाही. आई आणि बाबा दोघांकडूनही सदोष चिठ्ठी आली, तरच मूल आजारी होतं. एकच आली तर ते नुसतं वाहक. आमच्याकडे त्याला ‘एएस पॅटर्न’ म्हणतात. मी वाहक निघालो, ती रुग्ण निघाली. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारी आम्ही दोघं! (ही चिठ्ठी इतकी पसरली कशी, याचंही एक उत्तर आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की वाहक माणसाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. जिथं जंगल आणि डास, तिथं ही चिठ्ठी टिकून राहिली. आमच्या आईला हे समजावून सांगितलं तेव्हा तिच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. तिला वाटत होतं, आपल्या हातून काही पाप घडलं असेल.)

बहिणीनं पुढं डी.एम.एल.टी. केलं. आता ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. गेल्या दिवाळीत तिनं मला सूक्ष्मदर्शकातून एक काचपट्टी दाखवली. गोल गोल टिकल्यांच्या गर्दीत मधेच बाकदार, टोकदार विळे. “कोणाचं हाय हे?” मी विचारलं. ती म्हणाली, “माह्यंच!” तिच्या आवाजात दुःख नव्हतं, अभिमानही नव्हता. आपल्या घराचा पत्ता सांगावा तसं तिनं सांगितलं.

पण इथवर यायला वेळ लागला. त्याआधी एक वाईट हिवाळा गेला.

ती आठवीत होती. शाळेत एक पाहुणे व्याख्यानाला आले. बोलण्यात तरबेज. पोरं अगदी तल्लीन! त्यांनी सांगितलं, आजार आधी मनात येतो आणि मग शरीरात. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणा, मी निरोगी आहे. ‘दुखतं’ हा शब्दच डोक्यातून पुसून टाका. तो माणूस वाईट होता असं मला अजूनही वाटत नाही. पण समोर बसलेल्या दोन-अडीचशे मुलांत एक मुलगी अशी होती, जिला ही गोष्ट खरी करून बघायची फार मोठी गरज होती.

तिनं घरी येऊन सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली, ‘मी ठणठणीत आहे’, आणि कपाटाच्या आरशावर चिकटवली. मी तेव्हा वणीला शिकायला होतो, पंधरा दिवसांनी घरी यायचो. आई कौतुकानं सांगायची, “आता कुरकुर नाही करत ते. लय समजदार झाली.” शेजारच्या बाया बघायला यायच्या. पोरगी हसतमुख, आई खूश, आजी खूश. कुणाला वाईट वाटेल?

आतली गोष्ट वेगळी होती. रात्री दुखायला लागलं की ती गोधडीचं टोक दातात धरायची. गरम पाण्याची पिशवी मागायची नाही, कारण मागितली म्हणजे दुखतंय असं कबूल केल्यासारखं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रोजची फॉलिक ॲसिडची गोळी तिनं बंद केली. का? तर निरोगी माणूस गोळी कशाला घेईल? गोळी घेतली म्हणजे आपलाच आपल्या वाक्यावर विश्वास नाही! बघा, किती बरोबर हिशेब आहे. एकदा पहिलं वाक्य खरं मानलं की पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

डिसेंबरात स्नेहसंमेलनाची तालीम सुरू झाली. संध्याकाळी मैदानावर लेझीम. घाम आणि वर बोचरी थंडी. तिला ताप आला. ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी छातीत कळ यायला लागली. तरी बोलली नाही. तिसऱ्या रात्री तिला श्वास घेता येईना, तेव्हा आईला कळलं. गावातल्या एकाची जीप काढून आधी पांढरकवडा, तिथून यवतमाळचा मोठा दवाखाना. प्राणवायू, सलाइन, रक्ताची बाटली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

मी पोचलो तेव्हा एक सिस्टर तिला विचारत होत्या, “दहापैकी किती दुखतंय, बेटा?” ती म्हणाली, “दोन.” दोन्ही मुठी आवळलेल्या, ओठ फुटलेला. सिस्टरनी तिच्या मुठीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “हा काही पेपर नाही गं. खरं सांगशील तरच औषध किती द्यायचं ते आम्हाला कळेल ना?” थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, “नऊ.” आणि रडायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसऱ्या दिवशीचं वाक्य. ती आईला म्हणाली, “मी मनापासून नाही म्हटलं म्हणून झालं असं. मधामधात माह्या मनात यायचं, की दुखते.”

चौदा वर्षांची मुलगी. रक्तात आजार जन्मापासून. आणि ती समजत होती की तो परत आला यात चूक तिची! चांगल्या विचारानं आजार बरा होतो, असं एकदा ठरलं की बरं न होणारा माणूस आपोआप दोषी ठरतो. त्याला आजारही सोसायचा आणि वर ‘तुझंच मन कच्चं’ हेही ऐकायचं. हा कुठला न्याय?

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. जगात याची नीट परीक्षा घेतली गेली आहे, आणि ती मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांवर. १९७९ साली लंडनमध्ये एका छोट्या अभ्यासात असं दिसलं, की स्तनाच्या कॅन्सरशी झुंजायची वृत्ती असलेल्या बायका जास्त जगतात. बातमी आनंदाची होती, सगळीकडे पसरली. पण १९९९ मध्ये इंग्लंडमध्येच ५७८ स्त्रियांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात झुंजार वृत्तीचा जगण्या-मरण्याशी काही संबंध दिसला नाही. २००७ साली अमेरिकेत डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या हजाराहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. जो मनानं आनंदी तो जास्त दिवस जगला, असं तिथंही निघालं नाही.

मग मनाचा काहीच उपयोग नाही का? थांबा, घाई नको. १९९९च्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. ज्यांनी पूर्ण हाय खाल्ली होती, ‘आता काही उपयोग नाही’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांची गत इतरांपेक्षा वाईट झाली. आणि २००१ साली कॅनडात प्रसिद्ध झालेला अभ्यास तर मला फार आवडतो. त्यात स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या २३५ स्त्रिया होत्या. त्यातल्या बऱ्याचजणी दर आठवड्याला एकत्र बसून आपल्या आजाराबद्दल, भीतीबद्दल मोकळं बोलायच्या. त्यांचं आयुष्य वाढलं नाही. पण त्यांचं दुखणं आणि मनाचा त्रास इतरांपेक्षा कमी राहिला. लक्षात घ्या, त्या ‘मी ठणठणीत आहे’ असं म्हणत नव्हत्या. जे आहे तेच बोलत होत्या.

दुखण्यावर मनाची सत्ता थोडीफार चालते, हे तर दातांच्या रुग्णांनीही दाखवलं आहे. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या काही लोकांना औषध म्हणून नुसतं औषध नसलेलं पाणी टोचलं. काहींचं दुखणं खरोखर कमी झालं. मग त्यांना मेंदूतल्या अफूसारख्या द्रव्यांचं काम बंद पाडणारं दुसरं औषध दिलं, तर दुखणं परत वाढलं! म्हणजे ‘आता बरं वाटेल’ या भरवशानं मेंदू स्वतःच थोडं वेदनाशामक तयार करत होता. खोटं खोटं नाही, खरंखुरं. आईनं कपाळावर हात ठेवला की बरं का वाटतं, ते यावरून थोडं कळतं. मनाचा हात दुखण्यापर्यंत पोचतो. वाकलेली पेशी सरळ करण्यापर्यंत तो पोचत नाही.

आता उलट टोकाचीही गोष्ट सांगायला हवी. आजार कळला त्याच वर्षी गावातले एक म्हातारबुवा आमच्या ओसरीवर बसून म्हणाले होते, “हे पोरगी काही विशीच्या पुढं जात नाही. कायले शाळेत धाडून राह्यले?” आई आठ दिवस जेवली नव्हती. ‘सगळं छान आहे’ म्हणणारे आणि ‘सगळं संपलं’ म्हणणारे मला एकाच माळेचे मणी वाटतात. दोघांनाही गोळी, पाणी आणि दवाखान्याची गरज वाटत नाही.

सिकलसेलच्या इतिहासातला पहिला नोंदलेला रुग्ण कोण होता, माहीत आहे? वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा विद्यार्थी. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून तो १९०४ साली शिकागोला दातांचा डॉक्टर व्हायला आला. सारखा आजारी पडायचा. त्याच्या रक्तात विचित्र लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या, आणि डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली ते छापलं. तेव्हा या आजारावर काहीही औषध नव्हतं. तरी नोएलनं शिक्षण पुरं केलं, गावी परतला, दवाखाना थाटला आणि लोकांचे दात काढत, बसवत राहिला. १९१६ साली, वयाच्या ३२व्या वर्षी तो गेला. त्याच्या मनात काय विचार होते ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तो कामाला जात होता, एवढं कळतं.

आणि आमच्या शेजारचंच बघा. वणीहून वरोरा जवळ, आणि वरोऱ्याला आनंदवन. कुष्ठरोग्यांना लोक गावाबाहेर हाकलत त्या काळात बाबा आमट्यांनी त्यांना धीर दिला, हे तुम्हाला पुस्तकात असतंच. पण नुसता धीर देऊन ते थांबले नाहीत. १९४९ साली ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचे उपचार शिकून आले. पुढं आनंदवनात रुग्णांच्या हातात औषध आलं आणि कुदळही आली. स्वतः बाबांना पाठीच्या कण्याच्या आजारामुळे बरीच वर्षं बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं पडायचं. १९८५-८६ची ‘भारत जोडो’ यात्रा त्यांनी गाडीत आडवं पडून केली. पाठ दुखत नाही असं म्हणून काही ती यात्रा झाली नव्हती. गाडीत अंथरूण घातलं, म्हणून झाली!

सिकलसेलवरही आता औषधं आहेत. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीनं मोठ्या माणसांची तीव्र दुखणी सुमारे निम्म्यावर येतात, हे १९९५ साली २९९ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. फायदा इतका स्पष्ट होता की तो अभ्यास वेळेआधीच थांबवला. बहीण ती गोळी रोज घेते. भारत सरकारनं १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली; ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांचं रक्त तपासायचं तेव्हा ठरवलं होतं. तुमच्या शाळेत तपासणी आली तर घाबरू नका, हात पुढे करा. वेदना मुंगी चावल्याएवढी.

तुमच्या वर्गात असं कुणी असेल तर? बाटलीभर पाणी बाकावर ठेवू द्या. ते सारखं पाणी पितं, म्हणून सारखं लघवीला जाणार. त्यावरून हसू नका. सर, बाई, तुम्हीही वाचत असाल तर त्याला थंडीत मैदानावर उभं राहायची शिक्षा कृपा करून देऊ नका. आणि ‘काही नाही होत, हस बरं!’ असं म्हणण्याऐवजी ‘किती दुखतंय?’ असं विचारा. बहिणीच्या नववीच्या वर्गशिक्षिका तेच विचारायच्या. ती बोटं दाखवायची. तीन बोटं म्हणजे तास चालू, सात म्हणजे घरी निरोप.

यवतमाळहून परत आल्यावर तिनं आरशावरची चिठ्ठी काढली. तिथं दुसरी काही लावली नाही. सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे एक वही घातली. तारीख, कुठे दुखतं, दहापैकी किती, ताप, पाणी, काय केलं, असे रकाने. शेवटी एक रकाना तिनं आपल्या मनानं वाढवला, ‘काय वाटलं’. तेव्हापासून अशा अकरा वह्या भरल्या आहेत. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडते. मागच्या थंडीत काय झालं हे विचारावं लागत नाही. मला ती कधीमधी वाचू देते. त्यात कंटाळा आहे, राग आहे, ‘आज काहीच दुखलं नाही, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या’ असंही आहे.

या जानेवारीतली एक नोंद तिच्या परवानगीनं इथं उतरवतो. अक्षर अजून तसंच आहे.

‘पहाटे ४. दोन्ही गुडघे. सहा. ताप नाही. गोळी घेतली, गरम पाण्याची पिशवी, तीन तांबे पाणी. दादाला फोन केला. कापसाचा भाव विचारायला केला असं म्हटलं, पण रडायचं होतं. रडले. तो काही बोलला नाही, नुसता फोनवर राहिला. ५ वाजता पाच.’